दत्तक कुत्रीचा फोटो घरातल्या माणसांच्या ओळीत लावावा का?

मालाडची मोगरा:
आमची चिंगी जाऊन सव्वा महिना झाला. २०१३ च्या पावसात भाजीच्या हातगाडीखाली सापडली होती. अंगभर खरूज, मागचा पाय मोडलेला. शेवटी म्हातारपणी किडन्या गेल्या. मालाडच्या महापालिकेच्या प्राणी दहनभूमीत तिला निरोप दिला (ही सोय २०२३ पासून आहे, अजून अनेकांना ठाऊक नाही).

सासूबाई तिचा फोटो फ्रेम करून घेऊन आल्या. सासऱ्यांच्या फोटोशेजारी लावायचा म्हणतात. दीर म्हणतात, पितरांच्या ओळीत कुत्रं नको. मला सासूबाईंचं पटतं. सासरे आठ महिने अंथरुणाला खिळून होते, तेव्हा चिंगी जेवण्या-फिरण्यापुरतीच पलंगाखालून बाहेर यायची. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा:
ताई, दिरांचं पटत नाही, पण फोटोही नको. मी रात्री आमच्या भागातल्या कुत्र्यांना खायला घालतो. जखमेत अळ्या पडलेलं एखादं तरी रोज दिसतं. फ्रेमचा खर्च त्यांच्या औषधाला द्या.

महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. इंद्र विचारतो, भावांना आणि द्रौपदीला सोडलंस, मग याला का नाही? तो म्हणतो, ते मेले होते, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. मला यात सगळं आलं असं वाटतं. चिंगीचं अंथरूण, भांडं, पट्टा एखाद्या निवाऱ्याला द्या आणि पुढच्या आठवड्यात दुसरं पिल्लू घरी आणा.

फोंड्याची माई:
पुढच्या आठवड्यात? मी तेच केलं होतं. वाघू गेला आणि दहाव्या दिवशी पिल्लू आणलं. ते दारात बसलं की माझ्या तोंडून निघायचं, वाघू असा बसत नसे. ते बिचारं माझ्या तोंडाकडे बघायचं, नाहीतर कोपऱ्यात जाऊन मुतायचं. तीन महिन्यांनी बहिणीकडे दिलं. तिथे सुखात आहे, पण माझ्या घाईपायी त्याला दुसऱ्यांदा घर सोडावं लागलं. हे मला अजून खातं. रडून घ्या, वेळ घ्या.

दवाखान्यातली:
मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून अंथरुणाबद्दल सांगते. कुणाचं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर त्याची गोधडी कुठेही देऊ नका. तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाने मरत नाही. फरशी ब्लीचने पुसा, आणि लसी पूर्ण झाल्याशिवाय नवं पिल्लू त्या घरात आणू नका.

रानवारा:
पार्व्होचं माझ्या लक्षातच आलं नाही, मान्य. माई, तुमचंही समजलं. पण भिंतीवरच्या फोटोने रस्त्यावरच्या एकाही जिवाचं पोट भरत नाही, हे माझं मत कायम आहे.

जुना वाडा:
दिरांना इतक्या लवकर चूक ठरवू नका. पितृपक्षात मी आईच्या फोटोला हार घालतो, पान वाढतो. त्या ओळीचा भाव वेगळा आहे. आमच्या मोत्याला मी शेवटचे दहा दिवस चमच्याने पेज भरवली. त्याचा फोटो माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे, आईच्या शेजारी नाही. यात त्याला मी कमी लेखलं असं मला वाटत नाही.

मालाडची मोगरा:
सगळ्यांचे आभार. रानवारा, धर्मराजाचं उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तो घरदार सोडून निघाला होता, मला याच घरात राहायचंय.

काल दीर आले होते, बराच वेळ बोलणं झालं. शेवटी खिळा त्यांनीच ठोकला. सासऱ्यांच्या फोटोच्या ओळीत नाही, त्याच भिंतीवर बराच खाली, पलंगाच्या उंचीला. चिंगी तिथेच बसायची. हार घातलेला नाही. भांडं आणि धुतलेलं अंथरूण रविवारी निवाऱ्यात देऊन येणार आहे. पट्टा मात्र मी देणार नाही. त्याला अजून तिचा वास आहे.