शब्दचर्चा: काडतूस, गोळी, पुंगळी आणि ‘बत्तीस बोर’

प्रश्न (परभणी): आमच्याकडील एका नेमबाजी प्रशिक्षण केंद्रासाठी मी मराठी माहितीपत्रक तयार करीत आहे. ‘अर्धस्वयंचलित पिस्तुलासाठी योग्य गोळीची निवड’ असे एका प्रकरणाचे शीर्षक मी दिले होते. तेथील ज्येष्ठ प्रशिक्षकांनी ‘गोळी’ खोडून ‘काडतूस’ लिहिले आणि पुढे आलेल्या ‘बत्तीस बोर’खाली रेघ ओढली. बोलताना सगळेच गोळी म्हणतात. मग हा भेद लेखनात पाळण्याजोगा आहे का?

उत्तर (नांदेड): प्रशिक्षकांची दुरुस्ती योग्य आहे. दुकानातून आपण विकत घेतो ते काडतूस. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, असे चार भाग मिळून ते तयार होते. चाप ओढल्यावर नळीतून सुटते ती गोळी, आणि बाजूला उडून पडते ती पुंगळी. वर्तमानपत्रांनी हा भेद बऱ्यापैकी सांभाळला आहे. पोलीस ‘जिवंत काडतुसे’ जप्त करतात, घटनास्थळी ‘रिकाम्या पुंगळ्या’ सापडतात आणि डॉक्टर जखमीच्या शरीरातून ‘गोळी’ काढतात. तिथे शब्दांची अदलाबदल केली तर बातमीच खोटी होईल.

काडतूस हा शब्द मूळचा पोर्तुगीज, पिस्तूलही तिकडचेच. आपल्या भागातील जुन्या माणसांच्या तोंडी ‘कारतूस’ ऐकू येते, कारण १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूतून चालत असे आणि उर्दूत तोच शब्द त्या रूपाने रुळला होता. त्यामुळे कारतूस म्हणणाऱ्याला चूक ठरवू नये. छापताना मात्र काडतूस हेच रूप ठेवावे.

आपल्या प्रकरणात हा भेद अधिकच महत्त्वाचा आहे. रिव्हॉल्वरचे चक्र बोटाच्या जोराने फिरते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मात्र स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे ढकलणे, रिकामी पुंगळी बाहेर फेकणे आणि मॅगझिनमधले (काडतुसांच्या पेटीतले) पुढचे काडतूस नळीत चढवण्याची सोय करणे ही सारी कामे काडतुसाच्याच स्फोटशक्तीवर चालतात, आणि म्हणून दारूचा जोर, पुंगळीची लांबी किंवा तिच्या बुडाची कड यांपैकी एक गोष्ट जरी न जुळली तरी पिस्तूल अडते. ‘गोळीची निवड’ म्हटले की वाचकाचे लक्ष केवळ पुढच्या टोकावर जाते, आणि निवड तर संपूर्ण काडतुसाची करायची असते.

आता ‘बोर’, म्हणजे नळीच्या पोकळीचे माप. मराठवाड्यात हा शब्द बहुतेकांना बँकेच्या दारातील सुरक्षारक्षकाच्या ‘बारा बोर’ बंदुकीमुळे माहीत झालेला आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या तर एका गोळीचा जो व्यास भरेल, तो बारा बोर नळीचा व्यास, म्हणजे सुमारे १८.५ मिमी. त्यामुळे तेथे आकडा वाढला की नळी बारीक होते. ‘बत्तीस बोर’ पिस्तुलातील बत्तीस मात्र इंचाचे शतांश आहेत, म्हणजे ०.३२ इंच. बारा बोरच्या हिशेबाने खरी ३२ बोर नळी १३ मिमीहून रुंद निघाली असती. या पिस्तुलाच्या गोळीचा व्यास ८ मिमीपेक्षाही थोडा कमी आहे. शब्द एक, मोजणी दोन. रेघ ओढली गेली ती बहुधा यासाठीच.

शिवाय नुसत्या ‘बत्तीस’ने काडतूस ठरत नाही. पिस्तुलाचे ०.३२ ऑटो, म्हणजेच ७.६५ × १७ मिमी, आणि रिव्हॉल्वरचे ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग ही दोन वेगळी काडतुसे आहेत. पहिल्याची पुंगळी १७ मिमी लांब आणि बुडाची कड जेमतेम बाहेर आलेली असते. दुसऱ्याची पुंगळी २३ मिमीहून लांब आणि कड ठळक असते. दुकानदाराला ‘बत्तीसच्या गोळ्या द्या’ एवढेच सांगणारा माणूस अर्धेच वाक्य बोललेला असतो. आणि ‘ऑटो’ हा त्या काडतुसाच्या नावाचा भाग आहे. त्यावरून ‘स्वयंचलित पिस्तूल’ असे भाषांतर कृपया करू नये, कारण अर्धस्वयंचलित पिस्तुलात प्रत्येक गोळी झाडताना चाप नव्याने ओढावा लागतो.

पुन्हा प्रश्न (परभणी): मनःपूर्वक आभार. परंतु २५ मीटरच्या ‘सेंटर फायर’ या नेमबाजी स्पर्धेच्या प्रकारात स्मिथ अँड वेसन लाँग काडतूस पिस्तुलातच भरलेले मी स्वतः पाहिले आहे. मग ‘रिव्हॉल्वरचे काडतूस’ असे लिहावे का?

उत्तर (नांदेड): आपले निरीक्षण बरोबर आहे आणि माझ्या वर्गीकरणात ती उणीव राहिली. काही स्पर्धा-पिस्तुले याच काडतुसासाठी, सपाट तोंडाच्या गोळीसह, खास मॅगझिन देऊन बनवलेली असतात. म्हणून ‘रिव्हॉल्वरचे’ आणि ‘पिस्तुलाचे’ ही विशेषणे माहितीपत्रकातून काढून टाकावीत आणि काडतुसाचे पूर्ण नावच लिहावे. वाक्य असे करता येईल: ‘पिस्तुलाच्या नळीवर किंवा स्लाइडवर कोरलेले काडतुसाचे नाव आणि खोक्यावरचे नाव अक्षरशः एकच असेल, तेच काडतूस वापरावे.’ ‘बोर’ हा शब्द शस्त्रपरवान्याच्या संदर्भात ठेवावाच लागेल, कारण प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित बोर ही कायद्याची परिभाषा आहे. ९ × १९ मिमी काडतुसाचे पिस्तूल सामान्य नागरिकाच्या परवान्यात बसत नाही, ते त्या वर्गीकरणामुळेच.

लेखनाची एक छोटी सूचना: काडतूस आणि पिस्तूल दोन्ही नपुंसकलिंगी आहेत, आणि विभक्ती लागली की उकार ऱ्हस्व होतो: काडतुसाचे, पिस्तुलात.