तांडेल (बोटीचा कप्तान) बदलायचा का? फुटबॉल प्रशिक्षक पेप गार्डिओलाबद्दल तुमचे अनुभव सांगा

जुलै 2025, रत्नागिरी. बोटी वर ओढलेल्या, मासेमारीची बंदी उठायला आठवडा बाकी, आणि आमच्या कट्ट्यावर रोज एकच वाद: पेपने मँचेस्टर सिटी हा इंग्लंडचा क्लब आता सोडावा का? 2016 ला आला, 2018 ते 2024 या सात हंगामांत सहा वेळा इंग्लंडची लीग जिंकला. त्यातल्या शेवटच्या चार सलग, जे इंग्लंडात आधी कुणालाच जमलं नव्हतं. मग 2024-25 ला तिसरा नंबर आणि एफए कपच्या फायनलला क्रिस्टल पॅलेसकडून हार. करार 2027 पर्यंतचा आहे. कपांची मोजदाद पुरे झाली. तुम्ही कुठे बसून काय पाहिलंत आणि त्यावरून मत काय झालं, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल, इंटर मिलानविरुद्ध, जून 2023. बिपरजॉय वादळ अरबी समुद्रात घोंघावत होतं, किनाऱ्यावर लाटांचा नुसता आवाज. साडेबाराला सामना सुरू झाला आणि थोड्या वेळाने लाईट गेली. उरलेला सामना मोबाईलवर, चौघांची डोकी एकाला एक लावून. आपल्या रोड्रीचा गोल झाला तेव्हा ओरडलो, पण नंतरची वीस मिनिटं जीव मुठीत होता. इंटरच्या लुकाकूचा हेडर आपला गोलकीपर एडरसनच्या पायाला लागून वाचला. खरं सांगू? रटाळ सामना होता. ज्या कपासाठी पेपला आणलं, तो पेपच्या खेळाशिवायच मिळाला. माझं मत: राहू दे.

देवगड, आंबा बागायतदार
मला त्याच कपाची 2021 ची फायनल आठवते, म्हणजे न पाहिलेली. तौक्ते वादळाला दोन आठवडेही झाले नव्हते, कलमं मुळासकट आडवी, वाडीत वीज नाही. सकाळी फोन चार्ज करायला नाक्यावर गेलो तेव्हा कळलं: चेल्सी 1, सिटी 0. आणि संघात सुरुवातीला बचावापुढे उभा राहणारा रोड्रीही नाही, फर्नांडिन्होही नाही! वर्षभर जे चाललं ते फायनललाच बदललं. आमच्यातही असे हुशार असतात. मोहोर उत्तम आलेला असतो, तरी मन राहत नाही, एक फवारणी जास्त मारतात. पेप मोठाच आहे, पण ही खोड त्याच्या हिशेबात धरायलाच हवी.

सावंतवाडी, शाळेत पीटी शिकवते
गोवा जवळ, त्यामुळे आमच्या पोरांना फुटबॉलचं वेड आधीपासून. सिटीने 2017-18 ला शंभर गुण केले आणि मी ठरवलं, आपणही मागून खेळत यायचं. गोलकीपरने बॉल लांब मारायचा नाही, जवळ द्यायचा. मैदान कसलं, तर मुरूम, मध्ये डबकं. पहिल्याच सामन्यात पास डबक्यात अडकला, समोरच्याने उचलून गोलात टाकला. असे तीन. एका पालकांनी विचारलं, "बाई, हा कुठला नवा प्रकार?" पण पावसाळा संपला, मैदान सुकलं, आणि तीच पोरं मान वर करून खेळायला लागली. बॉल येण्याआधी मागे बघतात. आता जिल्ह्यातल्या इतर शाळांतही हे दिसतं. तो राहिला काय, गेला काय, आमच्या मैदानावरून तो जाणार नाही. (डबकं अजून आहे.)

मालवण, आर्सेनलवालो
मेल्यांनो, आमचो प्रशिक्षक वेंगर 22 वर्षं रवलो. शेवटची लीग 2004 ची, आणि गेलो 2018 ला. मधली वर्षं आमी काढली हत, तुमी नाय. वेळेर जावंक व्हया. आणि वारसो कसलो इचारतास? आमचो आर्टेटा त्याच्याच हाताखाली शिकलो, कोम्पनी बायर्नात लीग जिकलो, मारेस्का परवा चेल्सीक क्लब वर्ल्ड कप देवन मोकळो झालो. शाळा चलता हा, मास्तर घराक गेलो तरी चलात.

गुहागर
सिटीवर आर्थिक नियम मोडल्याचे जे 115 आरोप आहेत, त्यांचा निकाल लागेपर्यंत मी वारसा-बिरसा काही मोजणार नाही. पैसा कुठून कसा आला हे ठरू द्या आधी.

हर्णै, तांडेलाची मुलगी
गेल्या नोव्हेंबरची सिटीची फेयेनूर्डविरुद्धची मॅच. 3-0 पुढे होतो, शेवटच्या पंधरा मिनिटांत 3-3. पेप मुलाखतीला आला तर तोंडावर, डोक्यावर ओरखडे, स्वतःच्याच नखांचे. तेवढ्यात बाबा बंदरावर जायला उठले. टीव्हीकडे बघून म्हणाले, "हा कोण? ह्याचं काय बुडालं?"

मी सांगितलं. बाबांना फुटबॉल कळत नाही. तरी चहा घेत उभे राहिले आणि मला कधी न सांगितलेली गोष्ट बोलले. ते तांडेल होते तेव्हा दोन हंगाम फार वाईट गेले. "माझ्याबरोबरचे चौघे पन्नाशीचे झालेले, जाळं ओढवेना. त्यांना उतरव म्हणून मालक सांगायचा. मी कसा सांगणार? बारशाला, मयताला एकत्र असलेली माणसं. शेवटी मालकाने मलाच उतरवलं." तेव्हापासून ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातात.

ते गेल्यावर मी बराच वेळ तशीच बसले. तेव्हा सिटीचे 13 सामन्यांत एकच विजय असे दिवस चालू होते. रोड्री जायबंदी हे खरंच, पण वॉकर थकलेला, डी ब्रूयना सारखा दुखापतीत, गुंडोआनला तर परत बोलावलेलं. जानेवारीत मार्मूश, खुसानोव्ह वगैरे नवे आले, वॉकर मिलानला गेला, आता डी ब्रूयनाही नापोलीला. म्हणजे उतरवायचं काम त्याने केलं, उशिरा का होईना. म्हणून माझं मत: नव्या खलाशांबरोबर एक पुरा हंगाम त्याला द्या, मग बोला.

रत्नागिरी, धागाकर्ता
हर्णैच्या ताई, बाबा आता काय म्हणतात?

हर्णै
अंगणात जाळी शिवत बसलेत. काल विचारत होते, त्या टकल्याचा हंगाम कधी सुरू होतो. म्हटलं, तुमच्यासारखाच, ऑगस्टात.