जर्मनीत नऊ महिने ऑनसाइट, तर त्या पगारावर भारतात टॅक्स भरायचा का?

नेकारकाठचा_पुणेकर
नमस्कार मंडळी, पुण्यातल्या आयटी कंपनीकडून स्टुटगार्टला डेप्युटेशनवर आहे. नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला आलो, आता ऑगस्टच्या मध्यात परत येणार. पेरोल इकडचा, पगार युरोत इकडच्याच बँकेत आणि दर महिन्याला घसघशीत टॅक्स कापूनच हातात येतो. एचआर म्हणतं सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात म्हणजे एनआरआय झालात, इकडचा पगार भारतात दाखवायचं काही कारण नाही. टीममधला एक जण म्हणतो दाखवावाच लागतो. आता एकदा टॅक्स दिलाय तर परत कशाला? एप्रिल ते ऑक्टोबरचा फॉर्म १६ आहे, नेहमीसारखा आयटीआर १ टाकून मोकळा होऊ का?

हिशेबी_मामा
अहो थांबा, आयटीआर १ नको! परदेशात बँक खातं असलं की तो फॉर्म चालतच नाही, आयटीआर २ भरावा लागतो.

आता एचआरचं. किती महिने बाहेर होतात हे कोणी विचारतच नाही, १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात भारतात किती दिवस होतात एवढंच बघतात. १८२ किंवा जास्त भरले की तुम्ही रेसिडेंट, म्हणजे टॅक्सपुरते भारताचे रहिवासी. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला ६० दिवसांतही रेसिडेंट ठरवू शकणारी दुसरी अट लागत नाही, तिथेही १८२ च धरतात, म्हणून २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसलं आणि मार्चअखेर परत फिरकलं नाही तर १८१ दिवस होतात आणि माणूस त्या वर्षापुरता नॉन रेसिडेंट होतो. तुम्ही गेलात नोव्हेंबरात, म्हणजे २०२४-२५ मध्ये सात महिने पुण्यातच. ऑगस्टमध्ये आलात की पुढच्या मार्चपर्यंत साडेसात महिने परत पुण्यात. म्हणजे नऊ महिने बाहेर राहूनही दोन्ही वर्षं रेसिडेंट! हेच नऊ महिने जूनला सुरू होऊन फेब्रुवारीत संपले असते तर जर्मनीतला पगार इथे मोजलाच नसता. कंपन्या तारखा ठरवताना याचा विचार करत नाहीत, त्यांना प्रोजेक्टशी मतलब.

रेसिडेंट म्हटलं की जगात कुठेही कमावलेलं इथे दाखवायचं. पण दोनदा भरायचं नाही. भारत-जर्मनी करार आहे, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ९० खाली तिकडच्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा टॅक्स इथल्या टॅक्समधून वजा होतो. त्यासाठी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर फॉर्म ६७ भरायचा, तुमच्या २०२४-२५ या वर्षासाठी मुदत ३१ मार्च २०२६ आहे पण रिटर्नच्या आधीच भरून टाका, नाहीतर नोटिशीला उत्तरं देत बसाल. क्रेडिट किती, तर त्या पगारावर जर्मनीत बसलेला टॅक्स आणि त्याच पगारावर भारतात बसणारा टॅक्स यातला जो कमी तो. तिकडे जास्त गेला असेल तर वरचे पैसे आपलं सरकार देणार नाही. आणि पेन्शन, हेल्थ इन्शुरन्सची कपात टॅक्समध्ये धरू नका हं, तिचं क्रेडिट नाही.

नेकारकाठचा_पुणेकर
बापरे, धन्यवाद मामा. युरोचे रुपये कुठल्या दराने करायचे? गुगलवरच्या दराने?

हिशेबी_मामा
नाही हो, स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक परकीय चलन विकत घेते तो दर), आणि तोही आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. नोव्हेंबरच्या पगाराला ३१ ऑक्टोबरचा.

सारखी_ऑनसाइट
मी म्युनिकला होते म्हणून सांगते, शेड्यूल एफए (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) विसरू नका. तिकडचं पगाराचं खातं त्यात टाकावं लागतं आणि गंमत म्हणजे तिथे एप्रिल-मार्च नाही, जानेवारी ते डिसेंबर २०२४ धरतात. काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याचा दंड दहा लाख आहे, ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून बाकी मालमत्ता एकूण वीस लाखांच्या आत असेल तर दंडातून सूट, पण सूट दंडाला आहे, दाखवायला नाही.

दुसरं म्हणजे जर्मनीतही रिटर्न भरा. त्यांचं वर्ष कॅलेंडरचं, तुम्ही २०२४ मध्ये तिथे दोनच महिने कमावलंत त्यामुळे रिफंड निघू शकतो. फक्त भारतातला त्या वर्षाचा पगार ते दर ठरवताना जमेत धरतात, फार स्वप्नं बघू नका. आणि रिफंड आला तर तेवढं क्रेडिट इथे घेता येत नाही.

दर्याचा_राजा
आमच्या जहाजवाल्यांचं वेगळंय. सीडीसीवर (खलाशाच्या नोंदपुस्तकात) साइन ऑन आणि साइन ऑफच्या, म्हणजे जहाजावर रुजू झाल्याच्या आणि उतरल्याच्या, तारखा असतात, आंतरराष्ट्रीय सफर असेल तर मधले सगळे दिवस भारताबाहेरचे धरतात. आणि नॉन रेसिडेंट असलो तर परदेशी जहाजावरचा पगार इथल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात आला तरी टॅक्स नाही, २०१७ चं परिपत्रक आहे तसं.

कल्याण_लोकल
माझा भाऊ दुबईला पाच महिन्यांच्या प्रोजेक्टवर जातोय, तिथे टॅक्सच नाही, मग त्याचं भारी ना?

हिशेबी_मामा
भारी कसलं. पाचच महिने म्हणजे भारतात १८२ दिवस भरणारच, पठ्ठ्या रेसिडेंट. तिकडे टॅक्स भरला नाही म्हणून क्रेडिट शून्य, सगळ्या पगारावर इथल्या स्लॅबने टॅक्स. भावाला सांगा दर महिन्याला बाजूला काढून ठेव आणि ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा पाळ, नाहीतर वर व्याज.

कल्याण_लोकल
त्याने गाडी बुक केलीये ऑलरेडी 😅