शब्द हवा: 'इव्हेडर'

टाकबोरू: एका लेखाचा अनुवाद करतोय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीये. विषय दुसऱ्या महायुद्धातली बेल्जियमची 'कॉमेट लाइन'. जर्मनांनी पाडलेल्या विमानांतली दोस्त राष्ट्रांची माणसं तिथल्या साध्यासुध्या लोकांनी घरात दडवली, ब्रुसेल्सहून पॅरिस, मग पिरेनीज ओलांडून स्पेनला पोचवली. ब्रिटिश लष्कर त्यांच्यात फरक करतं: कैदेतून निसटला तो 'एस्केपर', शत्रूच्या हाती लागलाच नाही तो 'इव्हेडर'. पहिल्याला 'फरारी' लिहिलं. दुसऱ्याला काय लिहू?

शेंगोळे: उलटं झालंय. पोलिसांचा 'फरारी आरोपी' बहुतेकदा सापडलेलाच नसतो. फरारी दुसऱ्याला द्या.

टाकबोरू: त्याला गुन्ह्याचा वास येतो पण.

उंबरठा: 'परागंदा' घ्या. परा + गम्, अस्सल संस्कृत.

शेंगोळे: फारसी आहे हो! मूळ अर्थ विखुरलेला. शिवाय परागंदा होणारा घर सोडून जातो, हा बापडा घरी निघालाय.

उंबरठा: बरं, मग 'अनवरुद्ध'.

शेंगोळे: हे ऐकलं तर तो आपणहून जर्मनांच्या स्वाधीन होईल.

मीठभाकर: लेखात सगळ्यांना 'वैमानिक' लिहू नका म्हणजे झालं. लँकॅस्टर बॉम्बर विमानात सात जण, चालवणारा एक. शेपटाकडच्या मशीनगनवाल्याला वैमानिक कसं म्हणायचं?

जुना सातारकर: बेचाळीसला आजीच्या माहेरी भूमिगत मंडळी यायची. भूमिगत हा शब्द पेपरातला. आजी म्हणायची 'पाव्हणं हाईत'. चार भाकरी जास्त थापायच्या आणि जास्तीची ताटं लगेच घासून पालथी घालायची, कुणी मोजायला नको.

टाकबोरू: व्वा! कॉमेटवाल्यांचा शब्द होता 'पार्सल'. ही लाइन उभारणारी आंद्रे द योंग, वय २४, ऑगस्ट १९४१ मध्ये एक ब्रिटिश सैनिक आणि दोन बेल्जियन घेऊन थेट बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत हजर झाली. 'पार्सल' तसंच ठेवू?

उंबरठा: मराठीत 'पुडकं' असताना?

मीठभाकर: पुडक्यात शेव असते. माणसासाठी 'गठुडं'.

जुना सातारकर: गठुडं पाठीवर घेतात. ही माणसं रात्री बिदासोआ नदी स्वतःच्या पायांनी ओलांडत होती, पुढे बास्क वाटाड्या.

उंबरठा: 'वकिलात' चुकलं. बिल्बाओत होता तो वाणिज्य दूतावास.

शेंगोळे: बरोबरच आहे. पार्सलं उतरवून घ्यायची तर वाणिज्यच लागणार.