मदत हवी आहे: जर्मनीत कुटुंबाला नेण्याचा व्हिसा

वाटसरू_म्युनिक:
नमस्कार. मी म्युनिकला नोकरी करतो, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना) आहे. आता घरच्यांना कायमचं इकडे आणायचंय. जो तो वेगळंच सांगतोय. एजंट म्हणतो सगळ्यांचे अर्ज एकत्र भरा, ऑफिसातला मित्र म्हणतो आधी बायकोचा भर. जर्मनची परीक्षा लागते का? कागद कोणते? मोठ्या घराचा करार पुढच्या आठवड्यात करायचाय, कृपया लवकर सांगा.

रानवारा:
घरचे म्हणजे कोण कोण? मुलं असतील तर वयं? आणि ब्लू कार्ड पहिल्यांदा कधी मिळालं? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

शब्दवेल्हाळ:
ए१ (जर्मनची सगळ्यात सोपी परीक्षा) लागतेच. माझ्या बहिणीला द्यावी लागली होती. वहिनींचं नाव आजच मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला घाला.

रानवारा:
@शब्दवेल्हाळ, ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए१ची अट नाही. तुमचे मेहुणे कशावर होते?

शब्दवेल्हाळ:
ते जर्मन नागरिक आहेत. पण भाषा येत नसेल तर डॉक्टरांशी बोलणार कसं? माझं मत बदलणार नाही, आधी भाषा.

रानवारा:
भाषा शिकावीच, पण त्यापायी अर्ज का अडवायचा? जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला ए१ लागते, ब्लू कार्डवाल्याच्या नाही. नियमच वेगळे आहेत.

मेपलपान:
मी तर म्हणेन कॅनडाचा विचार करा. आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येतं.

वाटसरू_म्युनिक:
कॅनडा नकोय हो, नोकरी इथे आहे! बायको, मुलगी आणि आई. मुलगी पुढच्या महिन्यात १८ पूर्ण करेल. कार्ड २०२२चं, मध्ये एकदा नवीन करून घेतलंय. त्याने काय फरक पडतो?

रानवारा:
सगळा फरक त्यानेच पडतो. मुलीचं वय अर्जाच्या दिवशी १८च्या आत असायला हवं, व्हिसा हातात पडायला नंतर वेळ लागला तरी चालतं. म्हणजे घराच्या कराराआधी तिचा अर्ज. अपॉइंटमेंट वाढदिवसानंतरची मिळत असेल तर जन्मतारीख ठळक लिहून मुंबईच्या वकिलातीला आजच लेखी कळवा. एजंटच्या 'एकत्र भरू'साठी थांबू नका.

आईंचं अवघड आहे. आईवडिलांना आणायची सवलत ज्यांना ब्लू कार्डसारखा परवाना पहिल्यांदा १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर मिळाला त्यांनाच आहे. तुमचा २०२२चा.

वाटसरू_म्युनिक:
नवीन नोकरी धरून नवीन कार्ड घेतलं तर? बाबा गेल्यापासून आई एकटीच आहे. तिला मागे ठेवून मी इथे संसार कसा थाटू?

रानवारा:
कळतंय हो. पण 'पहिल्यांदा' ही अटच आहे, नोकरी बदलून ती तारीख बदलत नाही. दुसरी वाट असाधारण अडचणीची. आई परावलंबी आहेत आणि ती काळजी जर्मनीत तुमच्याकडेच घेता येईल हे दाखवावं लागतं. फार कमी जणांना मिळते.

जुईचा_वेल:
विम्याचंही बघा. सरकारी विम्यात बायको-मुलं वेगळा हप्ता न भरता येतात, आई येत नाही. उतारवयात खासगी विमा मिळायलाच मारामार.

आणि कागद आत्ताच काढून बघा. आमच्याकडे लग्नाच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि लेकीच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव. तिन्ही एकाच बाईचे, हे पटवून देण्यातच आमचा वेळ गेला. दाखले मराठीत असतील तर भाषांतरही लागेल.

दर्यावर्दी:
एवढं कशाला? टुरिस्ट व्हिसावर सगळ्यांना न्या, तिथे गेल्यावर बदलून घ्या.

रानवारा:
@दर्यावर्दी, कृपया असे सल्ले देऊ नका. भारतीयांना दीर्घ मुक्कामाचा व्हिसा इथूनच काढून जावं लागतं. तिथे पोचून बदलायला गेलं तर परत पाठवतात, आणि या मुलीच्या हातात तेवढे दिवसच नाहीत.

मेपलपान:
ब्लू कार्डवर पर्मनंट, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, किती महिन्यांत मिळतो?

जुईचा_वेल:
२७, जर्मन बी१ (ए१च्या वरची, मधली पातळी) असेल तर २१. पण इथे तो प्रश्न नाहीये.

वाटसरू_म्युनिक:
बायकोशी बोललो. मुलीचा जन्मदाखला सापडला, त्यावरही आईचं माहेरचंच नाव आहे. उद्या सकाळीच ती नगरपालिकेत जाईल. माझ्या आईला निदान भेटीला तरी कसं आणू?

रानवारा:
शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिजिटर व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवस. तुम्ही तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात आईंच्या खर्चाचं हमीपत्र द्या, ते अर्जासोबत जोडता येतं. पण वकिलातीला मेल गेला का?

वाटसरू_म्युनिक:
आत्ताच पाठवला.