शब्दचर्चा : ‘वेलबीइंग इकॉनॉमी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, बेळगावहून : ‘वेलबीइंग इकॉनॉमी’ला बहुतेक ठिकाणी ‘कल्याणकारी अर्थव्यवस्था’ म्हणतात. माणसाचं बरं चालावं आणि जमीन-पाणीही टिकावं, या दोन्ही गोष्टी त्यातून कळत नाहीत. दुसरा शब्द आहे का?

खानापूरहून : ‘कल्याणकारी’ नकोच. तो ‘कल्याणकारी राज्या’ने कधीचा अडवून ठेवलाय. वाचकाला लगेच रेशन, पेन्शन, अनुदान आठवतं. म्हणजे उत्पन्न हवं तसं मिळवा, मग त्यातलं थोडं वाटा. इथे प्रश्नच वेगळा आहे : ते उत्पन्न मिळवताना काय झिजलं आणि कुणाचं बरं झालं?

माझ्या मते ‘योगक्षेम’ घ्यावा. योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. गीतेवरच्या शांकरभाष्यात हीच फोड आहे. सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) फक्त योग मोजतं. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये अमेरिकी संसदेला बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं क्षेम जवळजवळ ओळखता येत नाही. 1990 पासूनचा मानवी विकास निर्देशांक आयुर्मान आणि शिक्षणही धरतो. ही सुधारणा खरी, पण माती-पाणी त्यातही नाही.

निपाणीहून : फोड पटते, पण चालू मराठीत योगक्षेम म्हणजे पोटापाण्याची सोय. ‘कसाबसा योगक्षेम चालतो’ असंच आपण म्हणतो. शिवाय आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यामुळे शब्द दिसला की आधी विम्याचा हप्ता आठवतो. राखण्याचा अर्थ त्यातून झडून गेलाय.

संकेश्वरहून : निपाणीकर, झडलाय तो मराठीत. कन्नडात ‘योगक्षेम विचारिसु’ म्हणजे ख्यालीखुशाली विचारणं, प्रकृती, घरदार, सगळं आलं. आपल्या भागात दोन्ही भाषा कानावर असतात, त्यामुळे इथल्या वाचकाला हा अर्थ नवा शिकवावा लागणार नाही. मराठीतही ‘क्षेमकुशल’ अजून जिवंत आहे. अडेल तिथे नुसतं ‘क्षेम’ वापरा.

‘शाश्वत’बद्दलही एक सांगावंसं वाटतं. सरकारी मराठीत ‘शाश्वत विकास’ रूढ झालाय, तो बदलायला जाऊ नये. पण शेतकऱ्यांसाठीच्या मजकुरात ‘पाणी पुरवून वापरा’ हे जास्त नेमकं आहे. ‘पुरवून’मध्ये साठा मर्यादित असल्याचं आपोआप येतं, ‘शाश्वत’मध्ये येत नाही.

अथणीहून : शब्द योगक्षेमच ठेवा, पण त्याच्या जोडीला ‘घसारा’ (वापराने होणारी झीज हिशेबात धरणं) हवा, नाहीतर लेखात नुसत्या सदिच्छा उरतील. अथणी, कागवाड, रायबागच्या कृष्णाकाठी ज्या जमिनी क्षार साठून आणि पाणी मुरून नासल्या, म्हणजे क्षारपड झाल्या (कन्नडात सवळु-जवळु) त्यांचाच हिशेब मांडून बघा.

उसाला मोकाट पाटाने एकरी 8,000 घनमीटर पाणी दिलं आणि त्यात लिटरला 300 मिलीग्रॅम क्षार धरले, तर एका पिकामागे 2,400 किलो क्षार शेतात येतो. पाणी पिकातून आणि मातीवरून उडून जातं, क्षार उडत नाही. काळ्या भारी जमिनीत निचरा मुळातच मंद. भूजल मीटरभरावर आलं की ते मातीच्या बारीक छिद्रांतून (केशाकर्षणाने) वर चढतं, उन्हाने उडतं आणि पांढरी खपली मागे ठेवतं. वापसा (जादा पाणी निथळून मातीत हवा खेळण्याची अवस्था) लवकर येत नाही, मुळांना हवा मिळत नाही, खोडवा (तुटलेल्या उसाचं पुन्हा फुटलेलं पीक) पिवळा पडतो. मग पाणी कमी पडतंय असं समजून पाण्याची आणखी एक पाळी दिली जाते, आणि तिथेच शेत बसतं.

आता यातलं देशाच्या उत्पादनात काय धरलं? साखर धरली. नंतर निचऱ्यासाठी जमिनीखाली घातलेले पाइप आणि चर काढणाऱ्या यंत्राचं भाडंही अधिकच धरलं. साखर कारखाना आपल्या यंत्रांवर दरवर्षी घसारा लावतो. जमिनीवर मात्र हिशेबशास्त्र घसारा धरतच नाही, कारण तिचं आयुष्य अमर्याद मानलंय. अथणीच्या पांढऱ्या पडलेल्या रानात उभं राहून हे गृहीतक कुणालाही पटणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2012 मध्ये पर्यावरण-आर्थिक लेख्यांची (हिशेबांची) चौकट मानक म्हणून स्वीकारली आणि 2021 मध्ये परिसंस्थांचे लेखे त्याला जोडले, ते याच उणिवेपायी. म्हणून मी ‘मातीचा घसारा’, ‘भूजलाचा घसारा’ असं उघड लिहीन. सोसायटीच्या हिशेबामुळे घसारा हा शब्द गावात सगळ्यांना माहीत आहे.

निपाणीहून : मग पाइप आणि जिप्सम (जमीन सुधारायला टाकतात ते खनिज) यांवरच्या पैशाला काय म्हणायचं? तोही घसाराच का?

अथणीहून : नाही, ते वेगळं ठेवा. घसारा म्हणजे झालेली झीज, कुणी दमडी खर्च करो वा न करो. झीज थांबवायला किंवा भरून काढायला जो पैसा जातो तो ‘क्षेमखर्च’. पुस्तकी शब्द ‘संरक्षणात्मक खर्च’ आहे, पण त्याने लष्कर आठवतं. वाक्यात असं : ‘यंदाच्या उत्पन्नातून क्षेमखर्च वजा केला, मातीचा घसारा अजून धरायचा आहे.’

घसारा अंदाजाने लिहू नका. ऊस तुटल्यावर शेतात 10-12 ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचे वीतभर खड्डे घ्या, कडेची माती खरवडून मिसळा, अर्धा किलो तपासणीला द्या आणि आकडे दरवेळी त्याच वहीत लिहा. विद्युत वाहकता (क्षार किती ते दाखवणारा आकडा) मीटरला 4 डेसीसायमनच्या वर आणि सामू (पीएच) 8.5 च्या आत असेल तर जमीन खारवट. तिला निचरा करून गोड्या पाण्याने धुवावं लागतं. सामू 8.5 च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेला) 15 टक्क्यांच्या वर असेल तर चोपण, तिला जिप्समही लागतं. लिहितानाही खारवट आणि चोपण एकमेकांच्या जागी वापरू नका, उपाय चुकतो.

क्षेमखर्च वाया जातो तो असा : निचऱ्याआधी जिप्सम टाकलं तर मातीच्या कणांपासून सुटलेला सोडियम तिथेच राहतो. पाइपाला गाळणीचं आवरण नसेल तर गाळ बसून तो बुजतो. पाइपाचं तोंड नाल्याच्या पावसाळी पातळीखाली असेल तर पाणी उलटं शेतात येतं. आणि वरच्या बांधाकडून मोकाट पाणी चालूच राहिलं तर एकट्याने काढलेला चर पुरत नाही, सगळ्या शिवाराचा निचरा एकत्र करावा लागतो.