उत्तर: बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकायचं तर अलकापुरीत खोली घ्यावी का?

अलकापुरीतून युनिव्हर्सिटी चालत गाठता येते, असं आधीच्या एका उत्तरात लिहिलंय; ते कोरड्या दिवसांत खरं. मध्ये रेल्वेलाइन आहे; पावसात गरनाळं (रुळांखालचा रस्ता) भरलं की लांबचा वळसा. शिवाय तुमची फॅकल्टी कुठली? आर्ट्स-सायन्स सयाजीगंजकडे, पण टेक्नॉलॉजी पार कलाभवनात, विश्वामित्री नदीच्या पलीकडे. मी कलाभवनवाला. तिथेच जवळ, मराठी वस्तीच्या दांडिया बाजारात राहिलो असतो तर सायकलवर भागलं असतं (आणि खाणावळवाल्या काकूंशी मराठीत बोलता आलं असतं). पण भाड्याला भुलून समा भागात तळमजला घेतला. ऑगस्ट २०२४च्या पुरात गादी, पुस्तकं, अॅक्टिव्हा, सगळं पाण्यात. खोली बघताना भिंतीला कमरेइतकाच ताजा रंग दिसला होता. मला वाटलं, मालक हौशी आहे!